रुपेरी नॅट, टी-५५ आणि बेळगावचा पावसाळा : पहिला एअरब्रश कोणता घ्यावा?

टिळकवाडीचा_नवशिका

नमस्कार मंडळी. मी बेळगावात टिळकवाडीला राहतो आणि गेली चार वर्षे हाताच्या कुंचल्याने प्लॅस्टिकची मॉडेल्स रंगवतो. आतापर्यंत १/७२ प्रमाणातील सात विमाने आणि १/३५ चा एक टी-५५ रणगाडा पुरा झाला आहे. रणगाड्यावर कुंचल्याच्या रेघा खपून जातात, कारण वरून धूळ-चिखल चढवला की दोषच उपयोगी पडतो; विमानाच्या बाबतीत मात्र ती सवलत मिळत नाही.

माझे मामा हवाईदलात होते आणि त्यांचे सुरुवातीचे प्रशिक्षण इथेच सांबऱ्याला झाले. त्यांच्यासाठी मला १९६५ च्या युद्धातले रुपेरी नॅट लढाऊ विमान करायचे आहे. मूळ विमानच इतके लहान की पंखांचा विस्तार पावणेसात मीटरही भरत नाही, म्हणजे १/७२ मध्ये साडेनऊ सेंटिमीटरांच्या आतच. एवढ्याशा पंखावर मी कुंचल्याने रुपेरी रंग लावून पाहिला, तर वाळल्यावर कल्हई करताना हात चुकलेल्या पातेल्यासारखे दिसू लागले. तेव्हा आता एअरब्रश, म्हणजे दाबलेल्या हवेने रंगाचा बारीक फवारा मारणारे साधन, घेण्यावाचून गत्यंतर नाही.

खर्चाची मर्यादा सगळे मिळून १५ हजार रुपये. सिंगल ॲक्शन की डबल ॲक्शन, नोझल (रंग बाहेर पडणारे तोंड) ०.२ मिमीचे, ०.३ चे की ०.५ चे, आणि ऑनलाइन मिळणारा एअरब्रश व त्याला दाबलेली हवा पुरवणारा कंप्रेसर यांचा स्वस्त संच घ्यावा की नाही, एवढे तीन प्रश्न आहेत. फ्लॅटमध्ये राहत असल्यामुळे आवाजाचाही विचार करावा लागेल. शिवाय जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या घरात डब्यातला पापडसुद्धा कुरकुरीत राहत नाही, त्याचा रंगकामावर काही परिणाम होतो का, हेही अनुभवी सदस्यांनी सांगावे.

उद्यमबाग_लेथ

सोपा प्रश्न आधी मिटवतो. डबल ॲक्शनच घ्या. सिंगल ॲक्शनमध्ये चाप दाबला की हवा आणि रंग एकदमच सुटतात आणि रंग किती यावा हे मागचा स्क्रू फिरवून आधीच ठरवावे लागते. डबल ॲक्शनमध्ये चाप खाली दाबल्यावर हवा येते आणि मागे ओढाल त्या प्रमाणात रंग येतो. बोटाला ते वळण पडायला दोन-तीन रविवार जातात, त्यापलीकडे त्यात अवघड असे काही नाही.

रंगाची वाटी वर असलेला, म्हणजे ग्रॅव्हिटी फीड प्रकार निवडा. खाली बाटली लटकणाऱ्या सायफन प्रकारात रंग वर ओढून घेण्यासाठी जास्त दाब लागतो आणि नळीत अडकलेला रंग वाया जातो. मोठे पृष्ठभाग सलग रंगवणाऱ्याला ती बाटली सोयीची, पण तुमच्या नॅटला एका थरासाठी वीस-पंचवीस थेंब रंग पुरेल.

नोझलच्या बाबतीत माझे मत ०.३ किंवा ०.३५ मिमी असे आहे. ०.२ चा मोह नवशिक्याला हमखास होतो, कारण बारीक रेघ काढायला बारीक तोंड हवे असे वाटते. प्रत्यक्षात बारीक रेघ ही रंगाचा पातळपणा, कमी दाब आणि पृष्ठभागापासूनचे अंतर या तिन्हींच्या मेळातून येते, ०.३५ ने मी १/७२ वर पेन्सिलीच्या रेघेइतके काम केले आहे. ०.२ मध्ये पाण्यावर आधारित ॲक्रिलिक घातले तर रंगवण्यापेक्षा तोंड साफ करण्यातच संध्याकाळ जाते. ०.५ प्रायमर, वार्निश आणि १/३२ च्या मोठ्या विमानांसाठी उत्तम. तो दुसरा ब्रश म्हणून कधीतरी घ्यावा.

निपाणी_१_३५

मी लेथदादांशी जवळपास सहमत आहे, पण पैशांच्या बाबतीत थोडे वेगळे सांगतो. १३० या क्रमांकाने ओळखला जाणारा चिनी बनावटीचा साधा ब्रश हजार-बाराशे रुपयांत मिळतो आणि माझ्या पहिल्या पाच रणगाड्यांचे रंगकाम त्याच्यावरच झाले. नवशिक्या माणूस पहिल्या वर्षात सुई वाकवणार, वाटीत रंग वाळवून ठेवणार आणि कधीतरी ब्रश फरशीवर पाडणार, हे ठरलेलेच आहे. ते सगळे उद्योग इवाता किंवा हार्डर अँड स्टीनबेक अशा नामांकित कंपन्यांच्या महागड्या ब्रशवर करण्यापेक्षा हजार रुपयांच्या वस्तूवर केलेले परवडतात. बाकी सगळे पैसे कंप्रेसरमध्ये घाला, कारण ब्रश बदलला तरी कंप्रेसर तोच राहतो.

उद्यमबाग_लेथ

निपाणीकर, कंप्रेसरबद्दलचे म्हणणे शंभर टक्के मान्य. स्वस्त ब्रशबद्दल मात्र माझा अनुभव लिहितो, मग ज्याने त्याने ठरवावे.

माझ्याकडेही तसाच एक ब्रश होता. त्याचे नोझल पितळेचे, तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठे, आणि त्याच्या बुडाला केसाएवढे बारीक आटे. साफ केल्यावर बसवताना मी सोबत आलेल्या इवल्या पान्याने जरा जास्त आवळले आणि आट्यांपाशी ते तुटले; अर्धा तुकडा हातात आणि अर्धा ब्रशच्या तोंडात. कानशीच्या मागच्या टोकदार दांड्याने हलकेच उलटे फिरवून मी तो तुकडा काढला, पण दुसरे नोझल मिळेना. ज्या विक्रेत्याकडून घेतला त्याने तीन प्रकारची नोझले पाठवली आणि तिन्हींचे आटे जुळले नाहीत. मी दिवसभर लेथवर काम करणारा माणूस, हायड्रॉलिकचे सुटे भाग करतो, तरी ०.३ मिमीचे शंकूच्या आकाराचे भोक असलेले नोझल आमच्या कारखान्यात होत नाही. सुई चकमध्ये धरून २००० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि नंतर मेटल पॉलिशने चकचकीत करता येते, आणि त्याने स्वस्त ब्रशही बराच सुधारतो. नोझलला मात्र इलाज नाही.

म्हणून माझी पहिली अट अशी की ज्याची सुई, नोझल आणि आतले टेफ्लॉनचे पॅकिंग सुटे मिळते तोच ब्रश घ्यावा, मग तो कोणत्याही किमतीचा असो. इवाताचा निओ ०.३५ आणि क्रेओसचा पीएस-२८९ ०.३ हे त्या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहेत. खर्च वाढवायची तयारी असेल तर इवाताच्या एक्लिप्सचे नोझल आट्यांचे नाही, नुसते आत बसवून वरून टोपी आवळायची, त्यामुळे पान्याने तोडण्याचा प्रश्नच उरत नाही. हार्डर अँड स्टीनबेकच्या इव्होल्यूशनची रचनाही तशीच आहे आणि त्याला ०.२ व ०.४ असे दोन्ही संच बसतात.

रबरी ओ-रिंगकडेही, म्हणजे आतल्या गोल कड्यांकडेही, लक्ष द्या. स्वस्त ब्रशमध्ये बहुधा साधी नायट्राइलची असते आणि ती ॲसिटोन असलेल्या लॅकर थिनरमध्ये (लॅकर जातीचा रंग पातळ करायच्या द्रवात) फुगून बसते. काही विक्रेते वायटनची आहे म्हणून सांगतात. वायटन तेलाला आणि पेट्रोलला चांगले, पण ॲसिटोनपुढे तेही टिकत नाही. तिथे टेफ्लॉनच लागते.

मलप्रभा_काठ

मी खानापूरजवळ राहते, त्यामुळे पापडाच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार माझ्याकडे आहे असे समजते. आमच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस काय पडतो ते इथल्या सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या ओलाव्याचा वाटा आमच्याकडेही येतो.

पहिल्या पावसाळ्यात मी एका हंटर विमानावर लॅकरचा चकचकीत काळा थर देत होते. कंप्रेसर टाकी नसलेला, छोटा, ब्रशबरोबर संचात आलेला. पंधरा मिनिटे सगळे सुरळीत चालले आणि मग ब्रशने एकदम थुंकल्यासारखे केले. पंखाच्या बरोबर मध्यावर पाण्याचे तीन थेंब पडले आणि त्यांच्याभोवती रंगाने कडी केली. मी ते पुसायला गेले नाही, एवढा शहाणपणा होता. पण अर्ध्या तासाने पाहते तर उरलेला सगळा काळा रंग राखाडी-पांढुरका होऊन बसला होता, जशी कैरीच्या लोणच्यावर बुरशी यावी.

हे दोन वेगळे दोष होते हे मला पुष्कळ उशिरा कळले. थेंब आले ते नळीतून, म्हणजे दाबलेल्या हवेतल्या पाण्यातून. त्यावर उपाय टाकीचा आणि मॉइश्चर ट्रॅपचा, म्हणजे हवेतले पाणी अडवणाऱ्या भांड्याचा. पांढुरकेपणा आला तो खोलीतल्या हवेतून, कारण लॅकरचे थिनर झपाट्याने उडते, पृष्ठभाग थंड पडतो आणि त्यावर बाष्प जमते. त्यावर कोणताही ट्रॅप चालत नाही. तिथे सावकाश उडणारे थिनर वापरावे लागते, आणि रंग पांढुरका पडलाच तर वरून त्याच थिनरची अगदी हलकी फवारणी करून तो पुन्हा मऊ करून सावकाश वाळू द्यावा लागतो.

आता भिंतीवर एक हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, लावला आहे. आर्द्रता ८० च्या वर असेल तर मी लॅकर उघडतच नाही. त्या दिवशी सुटे भाग कापणे, फटी भरणे, घासणे ही कामे करते.

चिकोडीचे_मास्तर

मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो असून मॉडेल्सचा छंद नातवामुळे लागला. मलप्रभाताईंनी लिहिलेल्या थेंबांचा हिशोब मांडून पाहिला, तो इथे देतो, कारण त्यावरून ट्रॅप कुठे लावावा हेही ठरते.

२५ अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प धरू शकते. आपल्याकडच्या पावसाळी दिवशी आर्द्रता ९० टक्के धरली तर त्यात २१ ग्रॅमच्या आसपास बाष्प असते. छंदाचा कंप्रेसर मिनिटाला साधारण २० लिटर हवा ओढतो, म्हणजे सलग तासभर चालला तर सव्वा घनमीटरच्या जवळपास हवा आणि तिच्याबरोबर २५ ग्रॅम पाणी आत जाते. ही हवा बाहेरच्या दाबाच्या वर आणखी ४ बारपर्यंत (१ बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) दाबली की तिचे आकारमान एक पंचमांश होते, आणि तेवढ्या जागेत थंड झाल्यावर साडेपाच ग्रॅमच बाष्प राहू शकते. उरलेले १९ ग्रॅम, म्हणजे चहाचे जवळजवळ चार चमचे पाणी, कुठेतरी द्रवरूपात उतरणारच.

ते कुठे उतरते हा खरा मुद्दा आहे. कंप्रेसरमधून निघणारी हवा गरम असते, त्यामुळे तिथेच जोडलेल्या ट्रॅपमधून बरेचसे बाष्प तसेच पुढे निसटते आणि नळीत थंड झाल्यावर थेंब होते. टाकी असेल तर हवेला थंड व्हायला उसंत मिळते आणि पाणी टाकीच्या तळाशी साचते. म्हणून टाकी, तिच्यानंतर रेग्युलेटरसह (दाब हवा तेवढा ठेवणाऱ्या चावीसह) ट्रॅप, मग तीन मीटर तरी लांब नळी, आणि शेवटी ब्रशच्या मुठीखाली दुसरा छोटा ट्रॅप अशी रचना मी करून घेतली आहे. टाकीखालचा नळ रोज काम संपल्यावर उघडावा. जुलैत त्यातून निघणारे तांबूस पाणी पाहिले की हे सगळे कशासाठी ते कळते.

निपाणी_१_३५

मास्तर, हिशोब फारच उपयोगी. टाकीचा आणखी एक फायदा म्हणजे वीज गेली तरी टाकीतल्या हवेवर काम पुरे करता येते, आणि आमच्याकडे पावसात वीज जाणे काही नवीन नाही.

चिकोडीचे_मास्तर

निपाणीकर, तेवढे मात्र होत नाही. बाजारात मिळणाऱ्या कंप्रेसरची टाकी बहुतेक ३ लिटरची असते. ती ४ बारपर्यंत भरलेली असताना वीज गेली आणि आपण १ बारवर, म्हणजे सुमारे १५ पीएसआयवर फवारत असलो, तर ४ वरून १ वर येईपर्यंत मोकळ्या दाबाची ९ लिटर हवा मिळते. ब्रश मिनिटाला दहा लिटरच्या आसपास हवा खातो. म्हणजे एक मिनिटसुद्धा नाही. पंखाची एक बाजू पुरी करून ब्रशमधून थिनर सोडण्याइतकाच वेळ मिळतो. टाकीचा खरा उपयोग दाब स्थिर ठेवण्याचा. टाकीविना चालणाऱ्या कंप्रेसरची हवा पिस्टनच्या ठोक्यागणिक हलते आणि बारीक रेघेत त्याचे कंप दिसतात.

घरातल्या जुन्या इन्व्हर्टरवर कंप्रेसर लावण्याचाही प्रयोग करू नये. त्यातल्या चौकोनी लहरीच्या विजेवर मोटर घुमते आणि तापते.

गोकाक_धबधबा

इथे कोणी फ्रिजच्या जुन्या कंप्रेसरबद्दल लिहिले नाही म्हणून विचारतो. आमच्या ओळखीचा फ्रिज दुरुस्त करणारा मेकॅनिक दोन हजारांत करून देतो म्हणतो आणि आवाज अजिबात नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यासाठी हा पर्याय चांगला नाही का?

उद्यमबाग_लेथ

आवाजाच्या बाबतीत त्याला तोड नाही, हे खरे आहे. पण फ्रिजचा कंप्रेसर तेलात बुडालेला असतो आणि हवेबरोबर तेलाची वाफ पुढे ढकलतो. तेलाचा एक सूक्ष्म थेंब पंखावर पडला तर तिथे रंग धरतच नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल भोक राहते. तेल अडवणारा फिल्टर वेगळा लावावा लागतो आणि तेलाची पातळीही पाहावी लागते. हे सांभाळणारे लोक आहेत, पण पहिल्या कंप्रेसरसाठी मी सुचवणार नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे टाकी. हे मेकॅनिक टाकी म्हणून जुने अग्निशामक नळकांडे किंवा भंगारातला सिलिंडर लावून देतात. आतून गंजलेल्या भांड्यात दाबाची हवा साठवून ते टेबलाखाली पायाशी ठेवायचे, हे मला कारखान्यातसुद्धा मान्य नाही, मग घरात कसे सुचवू? सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ठराविक दाबाला आपोआप बंद होणारा स्विच नसेल तर ती वस्तू घरात आणू नका.

टिळकवाडीचा_नवशिका

सर्वांचे आभार. मी अंदाज केला होता त्याच्या नेमके उलट चित्र दिसते आहे. मी १५ पैकी बारा हजार ब्रशला आणि तीन हजार कंप्रेसरला देणार होतो. एक शंका राहते. रुपेरी रंगासाठी तरी ०.२ चे नोझल लागत नाही का? धातूचे कण बारीक फवारले गेले पाहिजेत असे एका व्हिडिओत सांगितले होते.

मलप्रभा_काठ

लागत नाही. धातूसारखा दिसणारा थर नोझलच्या बारीकपणापेक्षा खालच्या काळ्या थरावर अवलंबून असतो. आधी चकचकीत काळा रंग आरशासारखा बसला पाहिजे. त्याच्यावर केस जरी अडकला असेल तरी रुपेरी रंगाखालून तो दोरीएवढा दिसतो. काळा थर किमान दिवसभर, पावसाळ्यात दोन दिवस वाळू द्यावा. मग लॅकरवर आधारित धातूरंग, जसा अल्क्लॅड, बाटलीतून तसाच, पाणी-थिनर काही न घालता, १२ ते १५ पीएसआयवर पाच-सहा सेंटिमीटर अंतरावरून अगदी विरळ थरांनी द्यावा. पहिल्या थराला काहीच झाले नाही असे वाटते, तिसऱ्याला अचानक ॲल्युमिनियम दिसू लागते. तिथेच थांबावे. चौथा थर दिला की नुसता राखाडी रंग होतो, हे मी दोन विमाने घालवून शिकले.

बाटली मात्र दर दोन मिनिटांनी हलवा, कारण धातूचे कण तळाशी बसतात.

शहापूरचा_रंगारी

मी मॉडेलवाला नाही, गणपतीच्या मूर्ती रंगवतो. मुलाने हा धागा दाखवला म्हणून सदस्य झालो. आमच्याकडे आषाढापासून कंप्रेसर जो सुरू होतो तो चतुर्थीच्या आदल्या रात्री बंद होतो, म्हणजे सगळे काम भर पावसातलेच. मास्तरांनी जे गणित मांडले ते आमच्या वडिलांना गणित न येता ठाऊक होते. सकाळी पहिले काम टाकीतले पाणी काढणे, मग देवाला हात जोडणे. एकदा मी ते विसरलो आणि पाच फुटी मूर्तीच्या गालावर पाणी उडाले. गाल पुन्हा पांढरा करून सगळी छटा नव्याने द्यावी लागली.

नवशिक्या भावाला एवढेच सांगतो की अंगाचा रंग गनने, छटा एअरब्रशने आणि डोळ्यांची आखणी कुंचल्यानेच, अशी आमच्याकडे वाटणी आहे. एअरब्रश आला म्हणून कुंचला टाकू नका. तुमच्या वैमानिकाचे तोंड आणि चाकांचे टायर कुंचल्यानेच नीट होतील.

हात बसवण्यासाठी आम्ही पोरांना आठवडाभर मूर्तीला हात लावू देत नाही. जुन्या वर्तमानपत्रावर पातळ निळीच्या पाण्याने आधी ठिपके, मग दोन ठिपके जोडणारी रेघ, मग जाड सुरू होऊन बारीक संपणारी रेघ, एवढेच काढायला सांगतो. चाप सोडताना आधी रंग बंद करायचा आणि हवा शेवटी, हा क्रम बोटात बसला की पुढचे सोपे. पोरे नेमकी उलट करतात, आणि मग पुढच्या फटकाऱ्याच्या सुरुवातीला टपकन थेंब पडतो.

रविवारी सकाळी शहापुरात आलात तर माझ्याकडचे तीन ब्रश हातात धरून पाहा. पेनसारखा धरायचा की पिस्तुलासारखा, वजन पुढे हवे की मागे, हे दुसऱ्याने सांगून कळत नाही.

निपाणी_१_३५

रंगारीकाका, निळीच्या पाण्याची युक्ती मी आजपासूनच वापरणार.

रंगाच्या बाबतीत माझी एक फजिती नोंदवून ठेवतो, म्हणजे दुसऱ्याची टळेल. तामिया कंपनीचे ॲक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने छान पातळ होते, म्हणून मी तीच युक्ती पाण्यावर आधारित एका दुसऱ्या ॲक्रिलिकवर केली. वाटीतच त्याचे दही झाले. सुईपासून मागच्या पॅकिंगपर्यंत सगळीकडे रबरासारखे तुकडे, आणि ते काढण्यात रात्रीचा एक वाजला. ज्या कंपनीचा रंग तिचेच थिनर, हा नियम पहिल्या वर्षी तरी मोडू नये. हार्डवेअरच्या दुकानातले स्वस्त लॅकर थिनर धातूचे भाग साफ करायला वापरावे, रंगात घालू नये. ते प्लॅस्टिक खाते.

चिकोडीचे_मास्तर

आणि मास्कचा उल्लेख अजून कोणीच केला नाही. करोनाकाळातला एन-९५ मास्क रंगाचे कण अडवेल, कापडी मास्क तेही नीट अडवणार नाही, आणि लॅकरची वाफ दोन्ही अडवणार नाहीत. त्यासाठी सक्रिय कार्बनची काडतुसे असलेला मास्क लागतो आणि ती काडतुसे वेळोवेळी बदलावी लागतात. नवशिका यांच्या घरी दार बंद करून एका खोलीत काम होणार असेल, तर खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवून त्याच्यासमोर पुठ्ठ्याची पेटी ठेवावी आणि फवारा पंख्याच्या दिशेने मारावा. जवळ उदबत्ती, गॅस किंवा हीटर असू नये. ब्रशपेक्षा हा खर्च आधी धरा.

टिळकवाडीचा_नवशिका

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. शहापूरला जाऊन रंगारीकाकांकडे दोन तास बसलो. पिस्तुलासारख्या मुठीचा ब्रश मला आवडेल असे वाटत होते, पण हातात घेतल्यावर पेनासारखाच सोयीचा वाटला. नंतर ३ लिटर टाकीचा, ४ बारला आपोआप बंद होऊन ३ बारला सुरू होणारा कंप्रेसर साडेआठ हजारांना घेतला, मुठीखालचा छोटा ट्रॅप आणि कार्बनचा मास्क वेगळा घेतला, आणि उरलेल्या रकमेत ०.३५ चा ग्रॅव्हिटी फीड, डबल ॲक्शन ब्रश. सुटी सुई आणि नोझल त्याच ऑर्डरमध्ये मागवली. खर्च मर्यादेच्या दीड हजार वर गेला. कंप्रेसर जाड रबरी पायपुसण्यावर ठेवल्यापासून खालच्या घरातून तक्रार आलेली नाही.

आता अडचण सांगतो. आठवडाभर निळीच्या पाण्याने सराव व्यवस्थित झाला. काल ब्रश पूर्ण उघडून साफ केला आणि पुन्हा जोडल्यापासून चाप नुसता खाली दाबला तरी वाटीत बुडबुडे येतात, आणि रंग तुटक-तुटक येतो. ब्रश खराब झाला का?

उद्यमबाग_लेथ

खराब झालेला नाही. बुडबुडे म्हणजे हवा नोझलच्या बाजूने रंगाच्या मार्गात शिरते आहे. नोझल नीट टेकलेले नाही, किंवा त्याच्या बैठकीवर वाळलेल्या रंगाचा कण राहिला आहे. आधी सुई मागे काढा, मगच पुढची टोपी आणि नोझल उघडा. सुई आत असताना नोझलला हात लावलात तर टोक वाकते. बैठक थिनरमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, आट्यांना मधमाशीच्या मेणाचा अगदी किंचित हात लावा, नोझल बोटांनी टेकेपर्यंत फिरवा आणि पान्याने त्यापुढे फक्त जरासा ताण द्या. सुई पुन्हा आत घालण्यापूर्वी तिचे टोक कापसावर हलके ओढून पाहा. कापूस अडकला तर टोकाला हुक आहे. मी वर लिहिलेली तुटलेल्या नोझलची गोष्ट पाना हातात घेण्यापूर्वी एकदा आठवा.

टिळकवाडीचा_नवशिका

तेच निघाले. बैठकीवर निळीचा खवल्यासारखा एक कण चिकटला होता, भिंगाशिवाय दिसतही नव्हता. काढल्यावर बुडबुडे थांबले आणि दुधाइतक्या पातळ काळ्या रंगाची रेघ वर्तमानपत्रातल्या दोन ओळींच्या मधून न चुकता गेली. नॅटचा सांगाडा जोडून, घासून तयार आहे. काळा थर आज दुपारीच चढवावा असा विचार आहे; बाहेर झिमझिम आहे आणि हायग्रोमीटर ७४ दाखवतो आहे.

मलप्रभा_काठ

७४ ला चालेल, पण पंख्याला पंधरा मिनिटे आधी सुरू करा आणि सावकाश उडणारे थिनरच घ्या. आधी वापरून झालेल्या प्लॅस्टिकच्या चमच्याच्या पाठीवर एक थर देऊन दहा मिनिटे थांबा. चमचा काळाच राहिला तर विमान हातात घ्या.

शहापूरचा_रंगारी

आणि टाकीतले पाणी?

टिळकवाडीचा_नवशिका

आत्ताच काढले काका. दोन चमचे निघाले.